मध्यंतरातले मुजुमदार

न्यायाची भूक ही माणसाची सगळ्यात जुनी भूक असावी. तिच्यापायी सिंहासनं उलथली, तुरुंग भरले, ग्रंथ लिहिले गेले. पद्माकर मुजुमदारांना ती दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास लागायची आणि तिच्याबरोबर पोहे लागायचे.

मुजुमदार पासिर रिस या उपनगरात आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे पुण्याचे. वीसेक वर्षं सिंगापुरात काढलेली, नोकरी हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात. जहाजावर कुठला कंटेनर कुठे चढवायचा हे ठरवणं हे त्यांचं काम. जड डबे खाली, हलके वर, आणि डावीकडे जेवढं वजन तेवढंच उजवीकडे. या कामाचा माणसाच्या स्वभावावर काय परिणाम होतो, हे त्यांच्याकडे जेवायला गेलं की कळायचं. ताटात लोणचं वाढलं की ते हलकेच कोशिंबिरीची वाटी समोरच्या बाजूला सरकवत. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरास पूर्ण झाल्यावर सगळे दोन पावलं मागे सरून "वा!" म्हणत. मुजुमदार तीन पावलं मागे सरत आणि म्हणत, "उजवीकडे झेंडू जास्त झालाय." एकदा प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना ते उठून व्यासपीठावर गेले. आम्हाला वाटलं आभार मानून भाषण आवरणार. त्यांनी डावीकडची समई अर्धा फूट पुढे ओढली आणि परत येऊन बसले. भाषण चालूच राहिलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मी काही म्हणत नाही. मी फक्त निरीक्षण नोंदवतो." हे वाक्य आलं की पुढचा अर्धा तास ते पुष्कळ काही म्हणणार आहेत, हे आम्ही ओळखायला शिकलो होतो.

अशा माणसाने आयुष्याची चार वर्षं अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय प्रक्षेपणातला पक्षपात सिद्ध करण्यात घालवली. हे का, ते सांगायला त्यांच्या मुलीपासून सुरुवात करावी लागेल.

रुचा इथेच वाढली, इथल्या शाळेत शिकली. इथल्या शाळांत प्रत्येक मुलाला अभ्यासाबाहेरचं काहीतरी घ्यावंच लागतं. मुजुमदारांची अपेक्षा बॅडमिंटनची होती. रुचा बँडमध्ये गेली आणि तिथेही बासरी किंवा क्लॅरिनेट असं काही सुटसुटीत न घेता पितळेचं सगळ्यात मोठं वाद्य घेऊन बसली. पुढे इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका विद्यापीठात गेली. तिथे तिला सूझाफोन मिळाला. हे वाद्य हातात धरत नाहीत, त्यात शिरतात. अजगराने माणसाला वेटोळं घालावं आणि मग डोक्यावरून कढईएवढं तोंड उघडावं, असं ते दिसतं. ते अंगावर घेऊन शे-दोनशे मुलं मैदानावर कवायत करतात आणि वाजवतात, फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात.

इथवर मुजुमदारांची काही हरकत नव्हती. मग रुचाने इंजिनिअरिंग सोडलं आणि शाळेत बँड शिकवायचं शिक्षण देणारी पदवी घ्यायचं ठरवलं. मुजुमदारांनी आठवडाभर तोंडात गुळणी धरून विचार केला आणि हो म्हणाले. पण पुण्याला त्यांचे थोरले भाऊ होते. त्यांना सगळे दादा म्हणत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, घरातल्या प्रत्येक लग्नात, घरखरेदीत आणि ऑपरेशनमध्ये शेवटचा शब्द त्यांचा. रुचा त्यांची लाडकी. लहानपणी प्रत्येक सुट्टी तिने त्यांच्या घरी काढलेली. त्यांना ही बातमी कळली तेव्हा ते फोनवर एवढंच म्हणाले, "पद्या, म्हणजे पोरगी बँडवाल्यांत शिरली?"

दादांच्या डोळ्यांसमोर कुठला बँड आला असेल, हे कुठल्याही पुणेकराला सांगायला नको. झालरीचे कोट, मळकी पँट, पायात चप्पल आणि मागे घोड्यावर नवरदेव. कडेने दिवे डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायकाही आल्या असतील. मुजुमदारांनी समजावून पाहिलं. दादा म्हणाले, "मला शिकवू नकोस. मी चाळीस वर्षं वराती पाहतोय." त्या दिवसापासून दादांनी रुचाशी बोलणं सोडलं. ती फोन करायची, दादांच्या बायको, मोठ्या वहिनी, उचलायच्या, दादा आंघोळीला गेलेले असायचे. दुपारी चारलासुद्धा.

रुचाने मैदानावरचे व्हिडिओ पाठवले. ते कुणा मैत्रिणीने फोनवर लांबून घेतलेले, त्यात मुंग्यांची शिस्तबद्ध हालचाल दिसायची. दादा म्हणाले, "मोबाइलवर काय, कोणीही काहीही दाखवतं. टीव्हीवर येऊ दे, मग बघू."

मुजुमदारांनी हे शब्द करारासारखे धरले. रुचाच्या विद्यापीठाचे सामने अमेरिकाभर दिसणाऱ्या वाहिनीवर लागत. वाहिनी इथे घरी दिसावी म्हणून मुजुमदारांनी खेळांचं महागडं पॅकेज घेतलं. तोवर त्यांच्या घरात क्रिकेटसुद्धा कोणी बघत नव्हतं. तिकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली रविवार सकाळ. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घोषणा केली: "उद्या सकाळी साडेसहाच्या सुमारास (भारतीय वेळ) चि. रुचा राष्ट्रीय दूरदर्शनवर. अमेरिकेच्या." भाच्याने पुण्यात दादांच्या टीव्हीवर कसंतरी ते जुळवून दिलं. कोथरूड, नाशिक, बडोदा आणि एक मावसबहीण नैरोबीत, असे सगळे अंगावर शाली घेऊन बसले. शेजारी म्हणून मीही वर जाऊन बसलो.

खेळाबद्दल मला तेव्हा काही कळलं नाही आणि आताही कळत नाही. चेंडू आहे, पण तो चेंडूच्या आकाराचा नाही. फुटबॉल आहे, पण पाय पळायलाच. सहा सेकंद सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात आणि मग दोन मिनिटं त्यावर चर्चा होते. मी मुजुमदारांना विचारलं, "आता थांबले का?"

"माहीत नाही."

"कोण पुढे आहे?"

"त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? मध्यंतर येऊ द्या."

मध्यंतर आलं. मैदानाच्या कडेला निळे कोट घातलेली रांग उभी राहिलेली क्षणभर दिसली. वसुधावहिनी म्हणजे मिसेस मुजुमदार स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आल्या. आणि पडद्यावर एक काचेचं टेबल आलं. त्यामागे चार धिप्पाड माणसं सूट घालून बसली होती. ती आत्ताच घडून गेलेल्या खेळाबद्दल मोठमोठ्याने बोलू लागली. ती वीस मिनिटं बोलली. मध्ये ट्रकच्या जाहिराती आल्या. मग परत खेळ सुरू झाला.

ग्रुपवर नैरोबीच्या मावसबहिणीने विचारलं, "त्या चौघांतली रुचा कुठली?" दादांनी फक्त एक अंगठा पाठवला. तो वर की खाली, यावर मुजुमदारांच्या घरात नंतर खूप चर्चा झाली. तो वरच होता, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर मुजुमदारांनी पुढचे सगळे सामने पाहिले. रविवारी सकाळी ते ऑफिसला जावं तसे तयार होऊन, पट्टा लावून, सोफ्यावर न बसता एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसत. रिमोट शर्टच्या खिशात. सगळं जग ज्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवतं, म्हणजे खेळ चालू असताना, तेव्हा ते आवाज बंद ठेवत. मध्यंतर आलं की वाढवत. वहिनींच्या हातचे पोहे मस्त असत, म्हणून मी बहुतेक रविवारी जात असे. मला त्यांच्या लढ्याबद्दल आस्था होती, असं म्हणायला काही हरकत नाही.

लवकरच त्यांना पॅटर्न दिसला. मध्यंतरात वाहिनी बँड दाखवत नाही, हे खरं. पण जाहिरातींच्या आधी दोन-तीन सेकंदांची एक झलक दाखवते. आणि ती झलक, मुजुमदारांच्या निरीक्षणानुसार, नेहमी समोरच्या बँडची असते. रुचाच्या संघाचं चिन्ह बगळा. निळा रंग. मुजुमदार त्यांना "आपले बगळे" म्हणत. बगळे बहुतेक सामने हरत. दक्षिणेकडचा एक लाल संघ होता, तो बहुतेक सामने जिंके आणि टीव्हीचा लाडका होता. लाल संघ खेळत नसला तरी काचेच्या टेबलामागचे चौघे त्याच्याबद्दलच बोलत.

"बगळे जिंकले की ते म्हणतात, समोरचे आज वाईट खेळले," मुजुमदार मला समजावत. "बगळे हरले की म्हणतात, अपेक्षेप्रमाणे. म्हणजे आपलं स्वतःचं असं काही नाहीच. आणि बँड? बघा आता." झलक आली. लाल. "बघितलंत?"

"हो, पण तुम्हाला नाही का वाटत, की—"

"मी काही म्हणत नाही. मी फक्त निरीक्षण नोंदवतो."

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, ते कॅमेरावाले पोटासाठी काम करतात. त्यांना तुमची रुचा काय माहीत?"

"माहीत नाही, तेच तर म्हणतोय ना मी!"

सिंगापुरात इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला एक सवय लागते. काही बिघडलं तर लिहायचं. लिफ्टचा दिवा लुकलुकतोय, बसस्टॉपवरच्या छपरातून पाणी गळतंय, इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, म्हणजे व्हॉइड डेकच्या, बाकाचा स्क्रू वर आलाय. लिहिलं की दोन दिवसांत टाउन कौन्सिलचं नम्र उत्तर येतं आणि चौथ्या दिवशी एक माणूस शिडी घेऊन हजर होतो. पुण्याच्या माणसाला लिहायची खाज जन्मजात असते. फक्त तिकडे शिडीवाला येत नाही. मुजुमदारांमध्ये या दोन संस्कृतींचा संगम झाला होता. त्यांनी अमेरिकन वाहिनीला लिहिलं. मुद्दे क्रमांक देऊन, शेवटी "कृपया या बाबीत लक्ष घालून झालेल्या कार्यवाहीबद्दल कळवावे" या अर्थाचं इंग्रजी. पाठवण्यापूर्वी मला वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "अहो, ते वाचतील तरी का?"

"का नाही वाचणार? टाउन कौन्सिल वाचतं, मग यांना काय झालं?"

उत्तर चार मिनिटांत आलं. आपलं मत आमच्यासाठी अत्यंत मोलाचं आहे. मुजुमदारांनी ते मोठं करून मला दाखवलं. "बघा. अत्यंत." असं उत्तर यंत्र आपोआप पाठवतं, हे मी बोललो नाही. काही गोष्टी माणसाला रविवारी सकाळी सांगू नयेत. पुढच्याच सामन्यात विमानातून की फुग्यातून घेतलेलं मैदानाचं दृश्य आलं. त्यात खूप खाली एक निळा ठिपका होता. तो बँड असावा किंवा निळी ताडपत्री असावी. मुजुमदार स्टुलावरून उठले. "दखल घेतली गेली," ते म्हणाले. तो रविवार त्यांनी फार आनंदात काढला.

रुचाचा फोन यायचा तेव्हा हे सगळं तिला सांगितलं जाई. ती तिकडून हसायची, सिंगापुरी 'लाह' तिच्या तोंडून अजून सुटला नव्हता. "बाबा, रिलॅक्स लाह. इथे कुणीच बँड दाखवत नाही. नोबडीज बँड."

"लाल दाखवतात."

"ते पण नाही दाखवत."

"तू तिथे मैदानात असतेस. टीव्ही मी बघतो."

मग ती विचारायची, "मोठे काका काय म्हणतात?" आणि मुजुमदार म्हणायचे, "आंघोळीला गेलेत."

तिसऱ्या वर्षी मुजुमदारांच्या ऑफिसात एक अमेरिकन आला. नाव ब्रायन. तो लाल संघाच्या राज्यातला निघाला, त्याच विद्यापीठाचा, घरात लाल चादरीवर झोपणारा. मुजुमदारांनी त्याला रविवारच्या नाश्त्याला बोलावलं. शत्रूचा माणूस हाती लागलाय, त्याच्याकडून कबुली घ्यायची, अशा बेताने. लाल विरुद्ध बगळे असा सामना होता. मला खास निरोप होता, साक्षीदार म्हणून.

ब्रायन आला, चपला बाहेर काढल्या, साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली. सामना सुरू झाला आणि दहा मिनिटांत ब्रायन लालबुंद झाला. "बघा, बघा!" तो म्हणाला. "त्यांनी पुन्हा आमची चूक स्लो मोशनमध्ये दाखवली! यांची नाही दाखवणार कधी!"

मुजुमदार गोंधळले. "म्हणजे? ही वाहिनी तुमच्या बाजूची आहे ना?"

"आमच्या बाजूची?" ब्रायनला खिचडीचा ठसका लागला. "ही वाहिनी आमचा द्वेष करते. माझे वडील या वाहिनीला रोज शिव्या देतात. आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे."

दोघे एकाच पडद्याकडे पाहत होते. समालोचक काहीतरी म्हणाला. ब्रायन म्हणाला, "ऐकलंत?" मुजुमदार म्हणाले, "ऐकलं." दोघांनी उलट ऐकलं होतं. मध्यंतरापूर्वी झलक आली. एक पितळी तोंड, टोपीवरचा अर्धा तुरा, दिव्यांची तिरीप. ब्रायन म्हणाला, "तुमचा बँड." मुजुमदार म्हणाले, "तुमचा." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड खिचडीने भरलेलं होतं, आणि ते तसंच राहू दिलं.

ब्रायन गेल्यावर मुजुमदारांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "बिचारा. त्याला दिसतच नाही." मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की यातलं कुणीच खोटं बोलत नाहीये, आणि त्यामुळे मी जास्तच गोंधळलो. आजही या विषयावर माझं ठाम मत नाही. खिचडीबद्दल आहे.

रुचाचं शेवटचं वर्ष आलं. डिसेंबरच्या अखेरीस बगळ्यांना कधी नव्हे तो एक मोठा सामना मिळाला, लाल संघाशीच, दोघांचंही नसलेल्या मैदानावर. दोन्ही बँड जाणार होते. त्यानंतर रुचा ते वाद्य विद्यापीठाला परत करणार आणि मैदानावर कधीच उतरणार नव्हती. नेमके त्याच आठवड्यात दादा आणि मोठ्या वहिनी सिंगापूरला आले. ते योगायोगाने आले नव्हते, मुजुमदारांनी तिकिटं त्या तारखांची काढली होती. आल्यावर दादांना कळलं. ते म्हणाले, "पद्या, तू मला वाघांचं जंगल दाखवायला आणलंयस की तुझा बँड?"

"दोन्ही. जंगलाची सफारी रात्री असते, बँड सकाळी."

दादा उंच, ताठ आणि कमी बोलणारे होते. लिटिल इंडियात पोहे घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी पोह्यांची पाच पाकिटं हातात तोलून पाहिली आणि एकही घेतलं नाही. सिंगापूरबद्दल त्यांचं एकच मत होतं: "स्वच्छ आहे. पण मुद्दाम."

सामन्याच्या सकाळी त्यांच्यासाठी सोफा मोकळा ठेवला होता. मुजुमदार स्टुलावर. दोघी वहिनी आतबाहेर. मी दाराजवळच्या खुर्चीत. खेळ चालू होता, आवाज बंद होता. दादांनी एकदाच विचारलं, "हे सारखे पडतात का?" मुजुमदार म्हणाले, "माहीत नाही. मध्यंतर येऊ दे." चार वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या शर्टाची गुंडी चुकीच्या काजात दिसली. दाखवलं नाही तर दादा आणखी एकदा अंगठा वर करून पुण्याला परत जाणार होते, आणि मग रुचाने किती मोठी पदवी घेतली तरी पुण्याच्या घरात ती बँडवाल्यांत शिरलेली पोर राहणार होती.

मध्यंतर आलं. काचेचं टेबल आलं. चौघे बोलू लागले. मुजुमदारांनी आवाज वाढवला, मग हळूहळू कमी केला. दादांनी घड्याळाकडे पाहिलं.

आणि एकाएकी टेबलावरचा एक जण हसत काहीतरी म्हणाला आणि पडदा मैदानावर गेला. झलक नाही, खरंच मैदान. पूर्ण बँड, रांगा वळताहेत, ढोलांचा आवाज. कॅमेरा सूझाफोनच्या रांगेवर आला, त्यातल्या मधल्या एकावर थांबला. उंच टोपी भुवयांवर ओढलेली, गालांचे फुगे झालेले, अंगाभोवती पितळी वेटोळं, आणि ती भलीमोठी पितळी कढई दिव्यांच्या झोतात डोलतेय. मुलगी होती, एवढं नक्की. ती एका पायावर गर्रकन वळली, सगळं वजन घेऊन, आणि एक सूर चुकला नाही.

"रुचा!" दादा उठून उभे राहिले. "अगं, इकडे ये, ही बघ आपली रुचा! अरे पद्या, केवढं ते धूड! आणि वळली कशी बघ! आजोबांसारखी मान आहे बघ हिची!"

दोघी वहिनी धावत आल्या. मोठ्या वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. दादांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

कोट लाल होता.

मला तो लाल दिसला. लाल कोट, सोनेरी बटणं, आणि मागे लाल निशाणं. मी मुजुमदारांकडे पाहिलं. या माणसाने चार वर्षं मला निळ्या-लालचा फरक शिकवला होता. एक सेकंदाच्या झलकेत त्याला लाल ओळखू येई. ते स्टुलावर बसून होते, हात गुडघ्यांवर. पडद्याकडे पाहत होते की दादांकडे, ते मला नीट दिसलं नाही.

चौघे परत आले. ट्रकची जाहिरात लागली.

"लाव तिला फोन," दादा म्हणाले.

"अरे, ती आत्ता मैदानात आहे."

"मग ते बोलून पाठवायचं असतं ना, ते चालू कर." मुजुमदारांनी फोन तोंडासमोर धरला. दादांनी घसा साफ केला. चार वर्षं न बोललेला माणूस काय बोलेल याची सगळ्यांना धास्ती होती. "रुचा, मोठे काका बोलतोय. पाहिलं मी तुला टीव्हीवर. मोठी झालीस." मग, "जेवतेस ना वेळेवर?"

सामना संपल्यावर तिचा फोन आला. कोण जिंकलं हे कुणी विचारलं नाही. तिचा आवाज फुटत होता. "मोठे काका? खरंच बोलताय? मला वाटलं— तुम्ही खरंच बघितलं?"

"मग? सगळ्यांनी बघितलं. अगदी मधे होतीस. लाल कोटात काय शोभत होतीस गं!"

पलीकडे ती थांबली. फोन स्पीकरवर होता. वसुधावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मुजुमदार पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला काढत होते. मग ते अर्धे दुसऱ्या बाजूला सरकवले.

"थँक यू, मोठे काका," रुचा म्हणाली. "कोट फार गरम होतो तो. पण छान आहे."

त्यानंतर ती दोघं पाऊण तास बोलली. शाळेत मुलांना शिकवायचं कसं, पितळ पुसतात कशाने, तिकडे थंडी किती, असं सगळं. दादा मध्येच म्हणाले, "शिकवणं हे चांगलंच काम आहे. मी कधी नाही म्हटलं?" कुणीच हरकत घेतली नाही.

मुजुमदार मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. तसे ते कधी येत नसत, एकच मजला तर उतरायचा होता. मी म्हटलं, "मुजुमदार, तो कोट—"

"मी काही म्हणत नाही," ते म्हणाले.

मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट पाहिली. लिफ्ट आली आणि दार बंद झालं. त्यांना नक्की केव्हा कळलं, कॅमेरा थांबला तेव्हा, की दादा "लाल" म्हणाले तेव्हा, की अजून कळलंच नाही, याचा मी बराच विचार केला आहे. कधी वाटतं, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी गोष्टीचं वजन एका बाजूला राहू दिलं. कधी वाटतं, आनंदात माणसाला रंग दिसत नसेल. वसुधावहिनींना एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पोहे वाढू का?"

पुढच्या वर्षी मुजुमदार निवृत्त झाले, पासिर रिसचा फ्लॅट विकला आणि पुण्याला गेले. दादांच्याच इमारतीत, एक मजला वर. निरोपाच्या वेळी मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्षांनी भाषणात त्यांच्या नि:पक्षपाती वृत्तीचा उल्लेख केला. मुजुमदारांनी श्रीफळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं.

मग मी त्यांना पाहिलं ते एका रविवारी, फोनवर. व्हिडिओ कॉल दादांनी लावला होता. ते आता रविवारी पहाटे उठून अमेरिकन फुटबॉल पाहतात, असं कळलं. भाच्याने वाहिनी कायमची लावून दिली होती. फोन दादांच्या हातात असल्यामुळे पडद्यावर बहुतांशी दादाच होते. कडेला एका माणसाचा कान, पांढरे झालेले कल्ले आणि बशी धरलेला हात दिसत होता. ते मुजुमदार होते. स्टुलावर होते की सोफ्यावर, ते कळायला मार्ग नव्हता.

"अहो, काय सांगू तुम्हाला," दादा माझ्यावर ओरडत होते, "ही वाहिनी म्हणजे शुद्ध पक्षपात! लाल संघाला किती छळतात! त्यांची चूक झाली की चार-चार वेळा दाखवतात. आणि बँड? त्या दिवसानंतर एकदा दाखवला असेल तर शपथ. आमची रुचा ज्या बँडमध्ये होती, तोच! मी लिहिणार आहे त्यांना. पद्या, काय रे, बरोबर बोलतोय ना मी?"

कान हलला. "बरोबर," मुजुमदार म्हणाले. "नि:संशय."

रुचाला पदवी मिळून तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. ती ज्या शाळेत बँड शिकवते, तिथे फुटबॉलचा संघ नाही.